एर्जेची स्वच्छ रेषा

सोप्या दिसणाऱ्या कलाकृतीविषयीं टीकाकाराची चूक दोन तऱ्हांनीं होते. एक तर तो तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीं. आणि पाहिलेंच तर तिच्या सोपेपणाची अशी कांहीं स्तुति करतो कीं, तो सोपेपणा म्हणजे कलावंताच्या स्वभावाचीच देणगी होती, तो त्यास कमवावा लागला नाहीं, असें वाचकांस वाटूं लागावें. बेल्जमचा चित्रकथाकार एर्जे ह्याच्या वांट्याला हीं दोन्ही दुर्दैवें आलीं. त्याचा टिनटिन इंग्रजी आवृत्त्यांच्या द्वारें आमच्याकडील सुशिक्षित घरांत केव्हांच येऊन पोंचला आहे. बंगालींत तर भाषांतरें होऊन तो तेथल्या मुलांशीं त्यांच्याच भाषेंत बोलतो. मुलें हीं पुस्तकें पालथीं पडून वाचतात, वडील मंडळी मुलें निजल्यावर वाचतात, आणि दोघांसही विचारलें असतां उत्तर एकच मिळतें: 'चित्रें फार स्वच्छ आहेत!' ह्या 'स्वच्छ' शब्दाच्या पोटांत काय काय दडलें आहे तें पाहण्याचा आमचा विचार आहे.

चित्रकथेस उच्च कलेच्या पंक्तीला बसवावें कीं नाहीं, हा वाद आम्ही येथें उकरून काढीत नाहीं. ज्या प्रांतांत पिंगुळीचे चित्रकथी पोथींतील एकेक चित्र पुढें धरून रामायण गात आले, त्या प्रांतांतल्या माणसानें तरी चित्रांनीं गोष्ट सांगण्याच्या धंद्यास हलकें मानूं नये, एवढें म्हटलें म्हणजे पुरे.

एर्जे हें टोपणनांव. मूळ नांव जॉर्ज रेमी. नांव व आडनांव ह्यांचीं आद्याक्षरें उलटीं करून फ्रेंच पद्धतीनें उच्चारलीं म्हणजे जो ध्वनि निघतो तेंच हें नांव. त्याचा जन्म ब्रुसेल्सच्या एटरबेक भागांत १९०७ सालीं झाला, मृत्यु १९८३ सालीं. चित्रकलेचें रीतसर शिक्षण जवळजवळ नव्हतेंच. बालवीरांच्या मासिकांत चित्रें काढतां काढतां तो एका कॅथलिक दैनिकांत लागला, आणि त्या दैनिकाच्या मुलांसाठीं निघणाऱ्या साप्ताहिक पुरवणींत १० जानेवारी १९२९ रोजीं टिनटिन नांवाचा पोरसवदा बातमीदार आपल्या पांढऱ्या कुत्र्यासह रशियाच्या प्रवासास निघाला. १९७६ पर्यंत तेवीस पुस्तकें पुरीं झालीं. चोविसावें अपुरें राहिलें. त्याच्याकडे आम्ही लेखाच्या अखेरीस येणारच आहों. (ह्या पुस्तकांचीं नांवें पुढें आम्ही मराठींत देत आहों तीं केवळ सोयीसाठीं, त्यांस भाषांतराचा मान कोणी देऊं नये.)

त्याच्या प्रौढ काळांतील कोणतेंही पुस्तक घेऊन कोठेंही उघडावें. समोर उभ्या असलेल्या माणसाचें नाक, त्याच्यामागच्या भिंतीवरील तसबिरीची चौकट, खिडकींतून दिसणाऱ्या मोटारीचें चाक आणि त्याही पलीकडच्या टेकडीची कड, ह्या सर्वांभोंवतीं फिरणारी काळी रेषा जवळजवळ एकाच जाडीची आहे. जवळचें तें ठसठशीत आणि दूरचें तें पुसट, हा चित्रकलेंतील नेहमींचा पंक्तिभेद येथें नाहीं. उभ्या-आडव्या रेघांचें जाळें विणून काळोख दाखविण्याची युक्ति नाहीं. वस्तूच्या एका अंगास सांवली घालून तिला गोलाई आणण्याची खटपट नाहीं. रंग भरले आहेत ते रेषेच्या कुंपणांत, सपाट. टिनटिनच्या चेहऱ्याचें भांडवल म्हणजे डोळ्यांच्या जागीं दोन ठिपके, एक इवलेंसें नाक आणि कपाळावर उभा राहिलेला केंसांचा झुबका. परंतु तोच ज्या मोटारींत बसतो ती कोणत्या कारखान्याची, हें जाणकारानें ओळखावें इतकी नेमकी असते. ह्या पद्धतीस 'स्वच्छ रेषा' हें नांव डच चित्रकार योस्ट स्वार्टे ह्यानें १९७७ सालीं दिलें. एर्जे तेव्हां सत्तर वर्षांचा होता. जन्मभर ज्या रीतीनें काम केलें तिचें बारसें वार्धक्यांत झालें.

ही रीति त्यानें हवेंतून काढली नाहीं. अमेरिकन जॉर्ज मॅकमॅनस, फ्रेंच सेंत-ओगां व राबिए ह्यांचें ऋण तो स्वतःच मान्य करी. परंतु त्यांच्याकडे जी एक सोय होती तिचा त्यानें नियम केला, आणि नियम केल्यावर त्याचे परिणाम भोगले. पहिला परिणाम असा कीं, लपावयास जागा उरली नाहीं. ज्या चित्रकारास हाताचीं बोटें नीट काढतां येत नाहींत तो हात खिशांत घालतो. ज्यास घोड्याचे पाय साधत नाहींत तो त्यांवर धूळ उडवितो. आणि ज्यास कांहींच साधत नाहीं त्याला सांवली आहेच. एर्जेच्या चित्रांत सांवलीच नसल्यामुळें दाराची बिजागरी काढावयाची म्हणजे ती कशी असते हें माहीत असावें लागतें. दुसरा परिणाम अधिक खोल आहे, आणि आमच्या मतें एर्जेच्या साऱ्या मोठेपणाचें व साऱ्या दोषांचें बीज त्यांतच आहे. पुसट रेषेला 'बहुधा असें असावें' असें म्हणतां येतें. सांवलींत अर्धा बुडालेला चेहरा वाचकाच्या तर्कावर सोंपवितां येतो. एकाच जाडीच्या, अखंड, ठाम रेषेला तें साधत नाहीं. तिच्या व्याकरणांत 'कदाचित्' हा शब्दच नाहीं. ती जें सांगते तें शपथेवर सांगते.

मग एवढा ठामपणा येतो कोठून? एर्जेच्या कामाची रीति आतां पुष्कळ तपशिलानें उपलब्ध आहे. त्याचीं शिसपेन्सिलीचीं पानें छापून प्रसिद्ध झालीं आहेत, आणि बेल्जममध्यें लूवँ-ला-नव्ह येथें २००९ सालीं उघडलेल्या त्याच्या नांवाच्या संग्रहालयांत मूळ पानेंही पाहावयास मिळतात. प्रथम तो गोष्टीचा आराखडा लिहून काढी. मग लहान चौकटी आंखून पानाची मांडणी अदमासानें ठरवी: कोणत्या चौकटींत कोण, कोणीकडे तोंड करून, आणि शेवटच्या चौकटींत वाचकाला कोठें लोंबकळत ठेवावयाचें. आठवड्यास एकदोन पानें छापून येणाऱ्या गोष्टीला ही शेवटची चौकट म्हणजे जीव कीं प्राण. ह्यानंतर मोठा कागद आणि शिसपेन्सिल. आणि खरी झोंबी ती येथेंच.

ज्यानें केवळ छापील पुस्तकें पाहिलीं आहेत त्यास हीं पानें पाहून धक्काच बसतो. जिकडे तिकडे रेघोट्यांचें रान माजलेलें! धांवणाऱ्या कॅप्टन हॅडॉकला चार हात आणि सहा पाय. एका खांद्याची कड दहा वेळां ओढलेली, खोडलेली, पुन्हां ओढलेली. हा माणूस प्रत्येक आविर्भाव स्वतः करून पाहतो आहे आणि पेन्सिल त्याच्यामागें धापा टाकीत पळते आहे, असें वाटतें. ह्या गुंत्यावर एर्जे पारदर्शक कागद ठेवी, आणि त्या दहा रेषांतून एक उचली. जी सर्वांत अधिक बोलते, जिच्यांत हालचाल सर्वांत अधिक उरली आहे, ती घ्यावयाची; बाकीच्या नऊ तेथेंच सोडून द्यावयाच्या. निवडलेली रेषा मग कोऱ्या पानावर उतरे, आणि तिच्यावर शाई चढे. छापील पुस्तकांत जी शांतता दिसते ती ह्या दंग्यानंतरची शांतता आहे. तिला सहजपणा म्हणणें म्हणजे पेशींत साक्षीदारानें दिलेलें स्वच्छ उत्तर ऐकून त्याच्यामागची रात्रभराची तळमळ विसरण्यासारखें आहे.

१९५० सालीं त्यानें स्वतःची चित्रशाळा काढली. बॉब डी मूर, जॅक मार्टिन असे कसलेले सहकारी तेथें होते. मुख्य पात्रें बहुधा एर्जेच्या हातचीं. यंत्रें, इमारती, देखावे सहकाऱ्यांकडे. रंग मूळ पानावर कधींच भरीत नसत. पान फिक्या छटेंत छापून त्या प्रतीवर रंग दिले जात, आणि काळी रेषा वेगळ्या पारदर्शक पटलावर राही, म्हणजे रंगाचा थेंबही तिला शिवूं नये. चंद्रावरच्या प्रवासाची गोष्ट काढतांना तर अग्निबाणाची एक उकलतां येणारी प्रतिकृतिच करवून घेतली होती. हेतु हा कीं, आंत उभें राहिलेल्या माणसाच्या डाव्या हाताला कोणतें यंत्र येईल ह्यांत चूक होऊं नये. ही गोष्ट १९५० ते १९५३ ह्या काळांत क्रमशः आली. माणूस चंद्रावर उतरला तो १९६९ सालीं.

निवडलेल्या एका रेषेंत हालचाल कशी सांठवितां येते ह्याचें एक उदाहरण दिल्यावांचून पुढें जाववत नाहीं. 'सोनेरी नांग्यांचा खेकडा' ह्या पुस्तकांत वाळवंटांतील लुटारूंवर कॅप्टन हॅडॉक एकटाच आरडत धांवून जातो, आणि ते पळत सुटतात. चौकट एकच. तींत एक लुटारू अजून पडलेला आहे, दुसरा उठतो आहे, तिसरा पळावें कीं न पळावें अशा बेतांत आहे, चवथा पळतो आहे. निरनिराळे चार इसम आहेत हें खरें. परंतु डोळा त्यांवरून सरकतो तेव्हां एकाच माणसाची पळापळ क्रमानें पाहिल्याचा भास होतो. एर्जेला स्वतःला हें चित्र फार आवडे, आणि त्याची आवड योग्य होती.

आतां दुसरी बाजू. 'टिनटिन काँगोंत' हें पुस्तक १९३०-३१ मधलें. काँगो तेव्हां बेल्जमच्या ताब्यांत होता. एर्जे तेथें कधीं गेला नव्हता. ब्रुसेल्सजवळच्या वसाहतींच्या संग्रहालयांतील वस्तु, मालकांच्या वर्तमानपत्राचीं मतें आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या गप्पा एवढ्या शिदोरीवर त्यानें आफ्रिका काढली. त्या आफ्रिकेंतील माणसें एकाच सांच्यांतून निघाल्यासारखीं, जाड ओठांचीं, भोळसट, गोऱ्या पोरासमोर गुडघे टेकणारीं. १९४६ सालीं रंगीत आवृत्ति काढतांना, काळ्या मुलांस 'तुमची मायभूमि बेल्जम' शिकविणारा टिनटिन गणित शिकवूं लागला. गेंड्याच्या पाठींत भोंक पाडून सुरुंग उडविण्याचा 'विनोद' तर पुढें स्कँडिनेव्हियन प्रकाशकाच्या आग्रहावरून बदलला. चेहरे मात्र तसेच राहिले. आपण आपल्या भोंवतालच्या मध्यमवर्गाचे पूर्वग्रहच रेखाटले, असें एर्जेनें पुढें कबूल केलें. पुस्तकावर बंदी घालावी ही मागणी ब्रुसेल्सच्या न्यायालयानें २०१२ सालीं फेटाळली. आमच्या मतें बंदीपेक्षां महत्त्वाचा प्रश्न घरांतला आहे. हें पुस्तक मुलाच्या हातांत गुपचूप देऊं नये आणि गुपचूप काढूनही घेऊं नये. शेजारीं बसून, ह्या चेहऱ्यांत काय खोटें आहे तें त्यालाच शोधावयास सांगावें. तें त्याला सापडेल, कारण रेषा इतकी स्वच्छ आहे कीं तिनें केलेला अन्यायही स्पष्ट दिसतो.

हिंदुस्थानविषयीं साक्ष देण्यास तर आपणच समर्थ आहों. 'फॅरोचे चिरूट' (१९३२-३४) ह्या गोष्टीच्या उत्तरार्धांत टिनटिन आपल्या देशांत येतो. येथें एक महाराजा आहे. त्याच्या काल्पनिक संस्थानाचें इंग्रजी आवृत्तींतलें नांव आमच्या कानांस 'गाय' आणि 'पायजमा' ह्यांच्या समासासारखें लागतें. येथें वेड लावणारें विष टोंचणारा फकीर आहे, आणि टिनटिनशीं बोलणारे हत्ती आहेत. स्नोईनें एका गाईची छेड काढली म्हणून त्यास शंकरापुढें बळी द्यावयास नेतात, आणि वेष पालटलेले ते जुळे दिसणारे पोलीस मूर्तीच्या आडून देववाणी करून त्यास सोडवितात. आम्ही हंसलों, हें नाकबूल करण्यांत अर्थ नाहीं. प्रसंगाची बांधणीच तशी चोख आहे. परंतु हंसून झाल्यावर मनांत येतें, शंकराला कुत्र्याचा बळी? ज्याचा भैरव कुत्र्याला बरोबर घेऊन हिंडतो त्याला? ही माहिती मिळविणें कठीण नव्हतें. ती कोणी विचारलीच नाहीं. आणि न विचारलेली गोष्ट त्या ठाम रेषेनें विचारलेल्या गोष्टीइतक्याच खात्रीनें काढून टाकली.

विचारण्याची संवय त्यास लागली ती १९३४ सालीं. पुढची गोष्ट चीनमध्यें घडणार असें त्यानें जाहीर केलें, तेव्हां लूवँ येथील चिनी विद्यार्थ्यांची देखरेख करणाऱ्या एका पाद्र्यानें त्यास लिहिलें कीं, चिनी माणसें काढण्यापूर्वीं एखाद्या चिनी माणसास भेटा. त्यांतून चांग चोंगजेन ह्या तरुण शिल्पकाराची गांठ पडली. तो ब्रुसेल्सच्या कलाशाळेंत शिकत होता. दोघेही १९०७ सालीं जन्मलेले. दोघांचीं बोलणीं होऊं लागलीं. चांगनें त्यास कुंचल्याची चिनी रीति समजावून दिली, चिनी कविता व तत्त्वज्ञान ह्यांची चव लावली, आणि जपान मांचुरियांत काय करीत होता तें सांगितलें. 'निळें कमळ' (१९३४-३५) हें त्याचें फळ. ह्या पुस्तकांतील रस्त्यांवरच्या पाट्या व भिंतींवरच्या घोषणा चांगनें स्वतः लिहिलेल्या खऱ्या चिनी लिपींत आहेत. बेल्जमच्या वाचकांस त्या अक्षरांची केवळ नक्षीच दिसली, पण ज्यास वाचतां येतें त्यास तेथें साम्राज्यशाहीचा व जपानी मालाचा निषेध वाचावयास मिळतो. १९३१ सालच्या मुकदेन येथील रेल्वेस्फोटाचा बनाव गोष्टींत जवळजवळ जसाच्या तसा आहे, आणि तो पाहून जपानी मुत्सद्द्यांनीं तक्रार केली होती.

परंतु पुस्तकाचें हृदय पुराच्या प्रसंगांत आहे. टिनटिन एका बुडत्या चिनी मुलाला वांचवितो. त्याचें नांवही चांगच. गोरे सैतान सगळेच दुष्ट असतात असें समजणारा तो मुलगा विचारतो कीं, मला कां वांचविलेंस? मग टिनटिन त्याला युरोपांत चिनी माणसांविषयीं काय काय समजुती आहेत तें सांगतो, आणि दोघेही पोट धरून हंसतात. पांच वर्षांपूर्वीं ज्या समजुती एर्जे स्वतः रेखाटीत होता त्यांवरच आतां तो दोन मुलांना हंसवीत आहे. रेषा तीच, तिच्यामागें दोन माणसांचें बोलणें उभें राहिलें एवढाच फरक.

येथें थांबून 'कलावंताचे डोळे उघडले' असें म्हणावयास आम्हांस आवडलें असतें. तसें म्हणतां येत नाहीं. त्याच 'निळ्या कमळां'तला जपानी खलनायक पाहावा: डुकराच्या मुस्कटासारखें नाक, पुढें आलेले दांत. चांगनें उघडलेले डोळे चीनपुरतेच उघडले होते. पुढें १९४० सालीं जर्मनांनीं बेल्जम घेतलें, आणि एर्जे जर्मनांच्या ताब्यांतील 'ल स्वार' ह्या दैनिकांत चित्रें देऊं लागला. तेथें १९४१-४२ मध्यें आलेल्या 'गूढ तारा' ह्या गोष्टींत दुष्ट सावकार आहे ब्लूमेनस्टाइन नांवाचा, आणि त्याचें नाक ज्यूद्वेष्ट्या व्यंगचित्रांतून उचललेलें आहे. ज्या शहरांत हें छापून येत होतें त्याच शहरांतून त्याच वर्षीं ज्यू कुटुंबांस पकडून मृत्यूच्या छावण्यांत धाडीत होते. युद्धानंतर सावकाराचें नांव बदललें, त्याच्या पक्षाचा अमेरिकन झेंडा बदलून काल्पनिक देशाचा केला, नाक राहिलें. १९४४ सालीं शहर मुक्त झाल्यावर एर्जेला अनेकदां अटक झाली आणि कांहीं काळ त्याचें काम बंद राहिलें. एर्जेचे भक्त ह्या वर्षांचा उल्लेख करतात तो त्यानें त्या काळांत काढलेल्या उत्तम साहसकथांच्या संदर्भांत, आणि त्या उत्तम आहेतही. पण रेषा स्वच्छ म्हणून दृष्टि स्वच्छ, हें समीकरण ह्या पुस्तकापाशीं मोडतें, आणि पुन्हां जुळत नाहीं.

तेव्हां माहिती नीट असली म्हणजे झालें, असें कोणी म्हणेल. त्याचें उत्तर 'काळें बेट' ह्या पुस्तकाच्या इतिहासांत आहे. ही स्कॉटलंडांतील गोष्ट प्रथम १९३८ सालीं पुस्तकरूपानें आली, १९४३ सालीं रंगीत झाली. पुढें इंग्रज प्रकाशकांनीं ब्रिटनविषयींच्या १३१ चुकांची यादीच करून धाडली. एर्जेनें बॉब डी मूरला तिकडे पाठवून आगगाड्या, गणवेष, कुंपणें, सारें टिपून आणविलें, आणि १९६६ सालीं पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत नव्यानें काढून प्रसिद्ध केलें. आम्हीं दोन्ही प्रती शेजारीं ठेवून पाहिल्या. नव्या प्रतींत एकही बटण चुकीचें नसेल. पण जुन्या प्रतींत जो तरुण, अर्धवट माहितीचा, घाईनें गोष्टीमागें धांवणारा हात होता तो नाहींसा झाला आहे. माळावर वारा सुटला आहे हें जुन्या पुस्तकांत जाणवतें. नव्यांत तो वारा गवताची जात पाहून वाहतो. 'निळ्या कमळां'त माहिती एका मित्रानें दिली होती; येथें ती यादीनें दिली. ह्याहून अधिक स्पष्ट आम्हांस सांगतां येत नाहीं.

आणि तरीही ह्या दोन पुस्तकांच्या मधल्या काळांत, चित्रशाळा भरांत असतांनाच, एर्जेनें 'टिनटिन तिबेटांत' काढलें (१९५८-५९, पुस्तक १९६० सालीं). त्या दिवसांत त्याचा संसार मोडत होता. त्याला रात्रीं स्वप्नें पडत तीं पांढऱ्या रंगाचीं, जिकडे तिकडे पांढरें. आणि तो घाबरून उठे. झुरिच येथील युंगपंथी मानसचिकित्सकानें त्यास काम सोडण्याचा सल्ला दिला. त्यानें तो ऐकला नाहीं, आणि हिमालयांत जाऊन बसला, अर्थात् कागदावर.

ह्या पुस्तकांत खलनायक नाहीं, पिस्तूल नाहीं, कट नाहीं. विमान कोसळलें आहे, त्यांत चांग होता, सगळे त्यास मेला म्हणतात, आणि टिनटिन त्यास शोधावयास निघतो. (खरा चांग १९३५ सालीं चीनला परत गेला होता, आणि त्याचा कित्येक वर्षें पत्ता नव्हता. दोघे मित्र पुन्हां भेटले ते १९८१ सालीं ब्रुसेल्स येथें.) वाटेंत दिल्ली लागते. आतां कुतुबमिनार कुतुबमिनारासारखा आहे आणि लाल किल्ला लाल किल्ल्यासारखा. गाय मात्र सुटलेली नाहीं! ती रस्त्यांत बसली आहे. घाईंतला कॅप्टन तिला ओलांडूं जातो, ती उठते आणि त्यास पाठीवर घेऊन चालूं लागते. परंतु ह्या वेळीं हंसें होतें तें कॅप्टनच्या घाईचें. चोवीस वर्षांपूर्वीं तें आमच्या देवाचें होत होतें. एवढी प्रगति आम्ही आनंदानें जमेस धरतों.

पुढें बर्फ लागतें, आणि चित्रकाराची खरी परीक्षा सुरू होते. जी रेषा वस्तूच्या कडेनें चालते तिनें वस्तूच नसेल तेथें काय करावें? पानेंच्या पानें पांढरीं. एखादी उताराची कड, एखादी पावलांची रांग, दोन-तीन लहानशा आकृति. पांढरा रंग म्हणून वेगळा कांहीं द्यावा लागत नाहीं. कागदच बर्फ होतो. ज्या पांढऱ्यास तो स्वप्नांत भीत होता त्यालाच त्यानें पानावर जागा करून दिली. सामान भरण्याची त्याची सारी हौस येथें गळून पडली आहे, आणि इतक्या थोड्या रेषांत त्यानें इतकें कधींच सांगितलेलें नव्हतें. अखेर चांग सांपडतो. त्याला इतके दिवस जगविलें तें यतीनें, ज्यास सारे राक्षस म्हणत होते त्यानें. माणसें आपल्या माणसाला घेऊन परत जातात, आणि शेवटच्या चित्रांत यती त्या दूर जाणाऱ्या तांड्याकडे पाहत राहतो. त्याच्या मनांत काय आहे? टिनटिनला शंका येते कीं, त्याला माणसासारखेंच मन असेल. खात्रीनें कोणीच सांगत नाहीं, रेषाही सांगत नाहीं. तिच्या व्याकरणांत जो शब्द नव्हता तो येथें आला आहे.

त्यानंतरच्या 'कास्ताफियोरेचा पाचू' ह्या पुस्तकांत (१९६३) तर त्यानें स्वच्छ रेषेलाच चकवा द्यावयास लाविलें. वाड्यांतून पाचू नाहींसा होतो. शेजारीं भटक्या जिप्सींचा तळ पडलेला असतो. पानोपानीं खुणा इतक्या ठळक काढल्या आहेत कीं वाचकानें चोर ठरवून मोकळें व्हावें. चोर निघतो एक पक्षी. वाचकानें मनांत ज्याला चोर ठरविलें होतें तें आठवून त्याची त्यालाच लाज वाटावी, अशी ही योजना आहे.

एर्जे वारला तेव्हां चोविसाव्या पुस्तकाचीं बेचाळीस पानें शिसपेन्सिलींत होतीं. आपल्यामागें टिनटिन दुसऱ्या कोणी काढूं नये अशी त्याची इच्छा होती, आणि ती पाळली गेली. १९८६ सालीं तीं पानें कांहींही न भरतां, न पुसतां, जशींच्या तशीं छापलीं. विषय आधुनिक कलेच्या बाजाराचा व बनावट चित्रांचा. टिनटिन पकडला गेला आहे. त्याच्या अंगावर द्रवरूप पॉलिएस्टर ओतून, त्याचा पुतळा करून, एका नामांकित शिल्पकाराची कृति म्हणून तो विकावयाचा असा बेत आहे. पिस्तूल रोखून त्याला तिकडे नेत आहेत. शेवटच्या त्या पानावर चेहरा म्हणजे एक वाटोळें वळण आहे, पाय कोठले कोणाचे तें कळत नाहीं, आणि एकाच हालचालीसाठीं ओढलेल्या साऱ्या रेषा एकमेकींवर तशाच पडून आहेत. त्यांवर पारदर्शक कागद ठेवला गेला नाहीं.